उपग्रहाच्या नकाशात ऊस उत्तम आणि कास पठार निकृष्ट: हे काय गौडबंगाल आहे?

कातळवेडा
मंडळी, सातारा जिल्ह्याचा 'परिसरीय गुणवत्ता' दाखवणारा एक नकाशा लँडसॅट या अमेरिकी उपग्रहाच्या मार्च महिन्यातल्या चित्रांवरून तयार केला. गडद हिरव्या रंगात कोयनेचं खोरं आलं, त्यात नवल नाही. पण त्याच्या खांद्याला खांदा लावून कराड भागातला ऊस उभा! आणि 'निकृष्ट' म्हणून लालभडक काय आलं? कास पठार, चाळकेवाडीचं पठार आणि माण तालुक्यातली यच्चयावत माळरानं. २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलेलं कास आणि साताऱ्याची एमआयडीसी या नकाशात सख्खी भावंडं दिसतात.

गणित दोनदा तपासलं, त्यात खोट नाही. म्हणूनच धागा काढतोय.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: या निर्देशांकाला आरएसईआय (रिमोट सेन्सिंग इकॉलॉजिकल इंडेक्स) म्हणतात. चीनमधल्या फूचौ विद्यापीठातले शू हानचिउ यांनी तो २०१३ साली मांडला. त्याआधी तिथे जो सरकारी निर्देशांक होता त्यात कशाला किती वजन द्यायचं हे तज्ज्ञ ठरवत. शू यांनी वजन ठरवायचं काम माणसाकडून काढून घेतलं. उपग्रहाच्या चित्रातून चार थर काढायचे. हिरवेपणा (आपला नेहमीचा एनडीव्हीआय: पान लाल प्रकाश खातं आणि जवळचा अवरक्त परत फेकतं, त्या फरकावरून), माती-पानांतला ओलावा, जमिनीच्या पृष्ठभागाचं तापमान आणि चौथा 'कोरडेपणा', म्हणजे उघडी माती आणि बांधकाम यांची सरासरी. मग प्रमुख घटक विश्लेषण करून (म्हणजे चारही थरांतला जास्तीत जास्त फरक एकाच आकड्यात पकडणारं गणित) पहिला घटक उचलायचा, ० ते १ मध्ये बसवायचा आणि ०.२ च्या टप्प्यांनी पाच वर्ग पाडायचे. निकृष्टपासून उत्कृष्टपर्यंत.

पद्धत देखणी आहे, हे कबूल. माणसाचा हात नाही, चित्रं फुकट, १९८४ पासूनची सलग मालिका हाताशी. त्यामुळे जिल्हा कुठलाही असो, याच साच्यातले प्रबंध धडाधड येताहेत. शेवटी 'गुणवत्ता कशामुळे बदलली' याचं एक प्रकरण आणि त्यात पाऊस, उंची, उतार, लोकसंख्या.

आता मार्चमधलं कास डोळ्यांसमोर आणा. जांभ्याचा उघडा कातळ, वर करपलेलं गवत, दुपारी पाय भाजतात. हिरवेपणा नाही, ओलावा नाही, तापमान चढलेलं, 'उघडी माती' पैकीच्या पैकी. चारही विषयांत नापास. उसाचं उलटं: चारही विषयांत पहिला.

माझं म्हणणं असं की आपल्या भागात हा निर्देशांक पाणी कुठे आहे एवढंच मोजतो. मग ते आभाळातलं असो की पाटातलं. त्याला 'परिसरीय गुणवत्ता' म्हणून जिल्हा आराखड्यात चिकटवणं धोक्याचं आहे. जाणकारांनी मतं द्यावीत.

गोगलगाय
वाचनखूण साठवली आहे. सावकाश वाचते.

पिक्सेलपंत
उत्तम विषय. मुद्द्याशी बराचसा सहमत, पण निर्देशांकाला फाशी देण्याआधी चित्रांची चौकशी करू.

पहिली गोष्ट महिना. सह्याद्रीत जून ते सप्टेंबर ढगांमुळे प्रकाशीय उपग्रह आंधळे. लँडसॅट दर १६ दिवसांनी येतो, युरोपच्या सेंटिनेल-२ ची जोडी ५ दिवसांनी, तरी जुलैत महाबळेश्वरचं एक स्वच्छ चित्र मिळेल तर शपथ. म्हणून सगळे ऑक्टोबर ते मे यांतलं काहीतरी घेतात. ऑक्टोबरअखेरचं घेतलंत तर माळही हिरवा, जंगलही हिरवं, फरक पुसट. मार्चचं घेतलंत तर पानझडी जंगलसुद्धा उघडं पडतं. जावळीतलं सदाहरित आणि पूर्वेकडच्या डोंगरांवरचं पानझडी जंगल यांची मार्चमध्ये तुलना करणं हाच मुळात अन्याय आहे.

दुसरी, प्रमुख घटकाचं चिन्ह. गणिताला वर-खाली कळत नाही. हिरवेपणा आणि ओलावा यांचे भार (म्हणजे गणिताने दिलेली वजनं) कधी अधिक येतात, कधी उणे. मूळ पद्धतीत १ मधून पहिला घटक वजा करायची पायरी आहे, ती डोळे झाकून लावली तर अख्खा नकाशा उलटा होतो, आणि असे उलटे नकाशे मी तपासणीत पाहिलेले आहेत. भारांचा तक्ता बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही.

तिसरी, वर्षावर्षांची तुलना. प्रत्येक वर्षाचं विश्लेषण वेगळं केलं तर प्रत्येक वर्षाची वजनंही वेगळी. मग २००० चा ०.५ आणि २०२० चा ०.५ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. सगळ्या वर्षांचे नमुने एकत्र करून एकदाच भार काढायचे आणि तेच सगळीकडे लावायचे.

चौथी, पाणी आधी झाकायचं. शिवसागर (कोयना धरणाचा जलाशय) झाकला नाहीत तर ओलाव्याचा थर तोच ताणून धरतो. आणि झाकण सगळ्या वर्षांना एकच हवं. नाहीतर मे महिन्यात उघडा पडलेला गाळाचा काठ 'निकृष्ट जमीन' म्हणून मोजला जातो आणि धरण भरलेल्या वर्षी तोच काठ हिशेबातून गायब.

जाता जाता: २०१२ साल घेऊ नका. लँडसॅट-५ चा मुख्य कॅमेरा २०११ च्या नोव्हेंबरात थांबला, लँडसॅट-८ आला २०१३ ला. मधल्या काळात फक्त लँडसॅट-७, ज्याच्या चित्रांत २००३ पासून पट्टे पडतात. नेमकं दुष्काळाचं वर्ष आणि नेमकी फाटकी चित्रं.

उसाचा_फड
म्हणजे ऊस लावला हे पाप झालं का राव? आमच्याकडं उपग्रह सोडा, माणसंही सगळीच उसावर राग धरून.

पण खरं सांगायचं तर मलाही तुमचा हिरवा रंग पटत नाही. नदीकाठाला आमच्या गावची रानं बघा. पाटाचं पाणी वर्षानुवर्षं सोडून सोडून खालचं पाणी वर आलं. आधी ऊस नुसता पिवळट पडतो, मग बुडखे बारीक होतात, मग वरंब्यावर पांढरी बुरशीसारखी खार फुटते. खार फुटल्यावर तुमच्या चित्रात लाल येत असंल, पण त्याच्या आधी दहा-दहा वर्षं ते रान आतून मरत असतं आणि वरून हिरवंगार दिसत असतं. कृष्णा-वारणेच्या काठानं खाली शिरोळपर्यंत जा, क्षारपड म्हटलं की कुणीही बोट करून दाखवील.

आणि तोडणीनंतर पाचट पेटवतात तेव्हा काय करता? जानेवारीत काळा, मार्चमध्ये खोडवा फुटून पुन्हा हिरवा. एका शेताचे चार महिन्यांत तीन रंग. कुठला धरणार?

कातळवेडा
@उसाचा_फड: भाऊ, पाप वगैरे काही नाही. शेत म्हणून ऊस चांगला की वाईट हा वेगळा धागा होईल (आणि तो शंभरी गाठेल). पण क्षारपडीचा मुद्दा बहुमोल आहे. हिरवेपणा सगळ्यात शेवटी कोसळतो, हे माझ्या मूळ लेखात यायला हवं असं आहे.

@पिक्सेलपंत: चिन्ह आणि पाण्याचं झाकण दोन्ही पाहिलं होतं. ऑक्टोबरचं चित्रही चालवून पाहिलं. कास 'निकृष्ट'मधून 'मध्यम'मध्ये आलं आणि ऊस होता तिथेच. एवढाच फरक.

माणदेशी
आमच्या माळाबद्दल कुणीतरी बोललं हे पाहून बरं वाटलं.

महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, म्हसवडला पाचशेच्या आसपास. अंतर सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटर. एका पट्टीनं दोघांना मोजायचं म्हणजे काय निकाल लागणार हे शाळकरी पोरगंही सांगेल.

माळ म्हणजे झाडं मरून उरलेली जागा, असं शहरातून आलेल्यांना वाटतं. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं दिवाळीनंतर सोन्यासारखी पिवळी होतात. तेव्हा ती मेलेली नसतात, मुळं जिवंत असतात, वळवाच्या दोन सरींत पुन्हा कोंब. लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक ही सगळी मंडळी याच पिवळ्या गवतात राहतात. माळढोकासाठी नान्नजचं अभयारण्य १९७९ साली झालं ते असल्याच माळावर. दाट झाडीत तो पक्षी पाऊल ठेवत नाही.

आता गंमत बघा. माळावर सलग समतल चर मारायचे, त्यात झाडं लावायची आणि नकाशा हिरवा झाला की 'परिसर सुधारला' असा अहवाल लिहायचा. त्यात वेडी बाभूळ शिरली तर विचारूच नका, भर उन्हाळ्यात हिरवीगार. तुमच्या निर्देशांकाला ती बाभूळ म्हणजे गुणवत्तेत वाढ. आमच्या मेंढरांना ती म्हणजे पायात काटा आणि चरायला बंदी.

देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात (२०१९ चा) साडेपाच कोटी हेक्टरांहून जास्त जमीन दाखवली आहे, देशाच्या जवळजवळ १७ टक्के. त्यात खरोखर बिघडलेली जमीन आहे, तशीच खुरट्या झुडपांची आणि माळाचीही आहे. एकदा त्या यादीत गेलं की सौर प्रकल्पाला द्यायला सगळ्यात सोपी जागा तीच.

तळकोकणी
माणदेशींनी बाभूळ सांगितली, मी रबर सांगतो.

दोडामार्ग-सावंतवाडीकडे डोंगरच्या डोंगर साफ करून रबर लावलं गेलं. हायकोर्टाने २०१३ मध्ये त्या पट्ट्यात झाडतोडीवर बंदी घातली, तोवर व्हायचं ते बरंच झालं होतं. उपग्रहाला काय दिसलं? एक-दोन वर्षं तांबडी माती, मग पुन्हा हिरवं, आणि पाच-सात वर्षांत निर्देशांक होता तिथे. वीस वर्षांच्या अंतराने दोन चित्रं घ्या, 'बदल नाही' असा निकाल येईल. शेकरू विचारा, गवा विचारा, बदल आहे की नाही ते सांगतील.

वन सर्वेक्षणाची व्याख्याही अशीच. एक हेक्टरपेक्षा मोठा तुकडा आणि दहा टक्क्यांहून जास्त छत्र असलं की वनाच्छादन. मालकी कुणाची, झाड कुठलं, प्रश्न नाही. म्हणजे आमची हापूसची कलमं, काजूच्या बागा, रबर, सगळं जंगलाच्या आकड्यात. रत्नागिरी-सिंधुदुर्गाची टक्केवारी बघून पुण्या-मुंबईचे लोक खूश होतात, आम्ही गालात हसतो.

पण रबराची एक खोड आहे. ते डिसेंबर-जानेवारीत पानं टाकतं, अगदी एकदम, आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत नवी पालवी येते. शेजारचं सदाहरित जंगल तेव्हा हलत नाही. म्हणजे एका चित्रात दोघे सारखे दिसले तरी वर्षभराच्या आलेखात रबराला जानेवारीत खड्डा पडतो. पंत, हे पकडता येईल ना?

पिक्सेलपंत
@तळकोकणी: बेशक येईल, सेंटिनेल-२ च्या मालिकेवर तर सहज. कोकणात जानेवारीत आभाळही मोकळं असतं. रबरासाठी जगभर हीच युक्ती वापरतात. आंबा-काजू मात्र त्रास देतील, त्यांची पालवी पुढेमागे होत राहते.

सोनकी
मी पठारांवर वनस्पती बघत फिरते, तेव्हा चार शब्द माझेही.

कासचं सगळं वैभव ऑगस्ट मध्य ते ऑक्टोबर सुरुवात. तेरडा, सोनकी, सीतेची आसवं, गेंद. बोटभर मातीत, कातळाच्या खळग्यात साचलेल्या पाण्यात. म्हणजे पंत म्हणाले त्या ढगांच्या मुक्कामातच. उपग्रहाचा डोळा उघडतो तोवर बिया पडून गेलेल्या असतात. रडार ढगातून पार बघतं, हे मान्य, पण त्याला सोनकी आणि गवत यांतला फरक कळत नाही.

दुसरं असं की काही जीवांना उघडा कातळच हवा असतो. वायतुरा ही पाणवनस्पती सह्याद्रीच्या असल्या पठारांखेरीज जगात कुठे नाही. आंबोलीचा तो छोटा टोड, २००९ मध्ये त्याला स्वतंत्र प्रजातीत टाकलं, तो पावसाच्या सुरुवातीला कातळावरच्या चार बोटं पाण्यात अंडी घालतो. तिथे 'सुधारणा' म्हणून माती टाकून झाडं लावली की त्याचा कारभार आटोपला. निर्देशांक वर जाईल, टोड खाली.

तिसरं, चाळकेवाडी. पवनचक्क्यांच्या त्या पठारावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी केलेलं काम २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चारपटीने कमी आढळले. त्यामुळे गळ्याला रंगीत पंखा असलेले सरडे तिथे वाढले आणि त्यांचं वागणंही बदललं, माणूस बराच जवळ जाईपर्यंत पळत नाहीत. हा एवढा मोठा उलथापालथीचा प्रकार लँडसॅटच्या चित्रातल्या तीस मीटरच्या चौकोनात शून्य दिसतो. चक्कीच्या पायथ्याचा काँक्रीट ओटा आणि जायचा रस्ता, बस्स.

राईनकाठी
जर्मनीतून वाचतोय. इथे रोजचं काम सेंटिनेलच्या चित्रांशीच आहे म्हणून 'कारणं' या भागावर लिहितो. आतापर्यंत त्याला कुणी हात लावला नाही आणि खरी मेख तिथे आहे.

कारणं शोधायला हल्ली 'जिओडिटेक्टर' वापरतात. कल्पना सोपी: पावसाचे पाच-सात पट्टे पाडा. प्रत्येक पट्ट्याच्या आत निर्देशांक किती विखुरलेला आहे ते मोजा आणि संपूर्ण जिल्ह्यातल्या विखुरण्याशी ताडून बघा. पट्ट्यांच्या आत सगळं एकसारखं असेल तर क्यू हा आकडा १ कडे जातो, पट्ट्यांचा काहीच संबंध नसेल तर ० कडे. मग उतार, उंची, लोकसंख्या, रस्ते यांचंही तसंच. दोन घटक एकत्र केले की क्यू किती वाढतो तेही बघता येतं.

आता साताऱ्यात पाऊस पहिल्या नंबरावर येणार हे न मोजताही सांगता येतं. पण कारण म्हणजे काय? निर्देशांकाच्या पोटातच ओलावा आणि हिरवेपणा आहे. त्याला पावसाने समजावून सांगणं म्हणजे ओलं का झालं तर पाणी पडलं म्हणून. तापमानाचंही तेच. पृष्ठभागाचं तापमान निर्देशांकात घालायचं आणि हवेचं तापमान 'कारण' म्हणून बाहेर ठेवायचं. असे प्रबंध ढिगाने सापडतात. शिवाय पट्टे किती आणि कुठे पाडले यावर क्यू बदलतो, तीस मीटरवरून एक किलोमीटरवर गेलात तरी बदलतो. या दोन गोष्टी न सांगता दिलेला क्यू मी वाचतसुद्धा नाही.

उपाय आहेत. पाऊस वजा करा. प्रत्येक चौकोनासाठी त्या-त्या वर्षीचा पाऊस आणि हिरवेपणा यांचं नातं बसवा आणि पावसाने न उलगडणारा जो उरतो त्याचा कल बघा. पाऊस तेवढाच, पण हिरवेपणा वर्षागणिक घटतोय, तर तिथे काहीतरी घडतंय. उलट पावसाच्या मानाने भलताच वाढतोय, तर कालवा आला किंवा बाभूळ आली. ही खरी माहिती.

अवांतर: युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशात कित्येक प्रकारची गवताळ प्रदेशं नावानिशी संरक्षित आहेत. कुठे काय आहे हे माणसांनी पायी फिरून आधी नोंदवायचं आणि उपग्रहाने नंतर पहारा द्यायचा, अशी कामाची विभागणी.

खवचट_खान
वाचतोय. म्हणजे सारांश असा की कोट्यवधींचे उपग्रह सोडून चपला घालून माळावर जायचं. हे आमचा गुराखी फुकटात सांगतो.

पिक्सेलपंत
@खवचट_खान: गुराख्याला १९८८ चा माळ दाखवायला सांगा. आपला पहिला आयआरएस (भारताचा दूरसंवेदन उपग्रह) त्याच वर्षी वर गेला. कोणत्या वर्षी कुठली टेकडी फोडली, कुठला ओढा बुजवला हे तारखेनिशी सिद्ध करायला चित्रासारखा साक्षीदार नाही. उपग्रहाला 'काय बदललं' विचारा, तो चोख सांगतो. 'चांगलं की वाईट' विचारलंत की गडबड होते.

तळकोकणी
यावर एक मोठं उदाहरण आपल्याच डोक्यावर लटकतंय. पश्चिम घाटाच्या दोन समित्या.

गाडगीळ समितीने २०११ मध्ये साधारण नऊ बाय नऊ किलोमीटरचे चौकोन केले आणि प्रदेशनिष्ठ वनस्पती, सस्तन प्राणी, उतार, नदीकाठचं जंगल असे बरेच थर घालून तीन श्रेणी पाडल्या. चौकोन भले मोठे, पण आत जीवशास्त्र. कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये उपग्रहाची चित्रं घेऊन चोवीस मीटरपर्यंत बारीक काम केलं, पण आधी 'नैसर्गिक' आणि 'सांस्कृतिक' असा भूभाग वेगळा केला आणि नैसर्गिकातला मोठा भाग, एकूण घाटाच्या सुमारे ३७ टक्के, संवेदनशील धरला. बागा, शेती, वस्ती असलेला भाग त्यामुळे बाहेर पडला. आमच्याकडे देवराई, आमराई, भातखाचर आणि सडा (जांभ्याचं उघडं पठार) एकमेकांत इतके गुंतलेत की ती रेघ कुठे मारायची? आणि मसुद्यांवर मसुदे निघताहेत, २०२४ च्या जुलैअखेर सहावा निघाला.

माझं मत: चौकोन बारीक झाला म्हणून उत्तर बरोबर होत नाही.

गोगलगाय
आता सगळं वाचलं. कातळवेडा, एक भाबडा प्रश्न. मग तुमच्या पुढच्या नकाशात कासला किती मार्क?

कातळवेडा
@गोगलगाय: अजिबात भाबडा नाही. कासला कासशीच ताडायचं असं ठरवतोय. जिल्ह्याचे आधी भाग पाडणार: सदाहरित, पानझडी, सडे-पठारं, माळरान, बागायत, जिरायत. प्रत्येकाचा नमुना त्याच्याच गटातला, जिथे माणसाचा हात कमीत कमी लागलाय असा. जंगलासाठी देवराया आणि कोयनेचा गाभा, सड्यासाठी रस्त्यापासून लांबचं एखादं पठार. मग त्या नमुन्यापासून कोण किती सरकलंय ते मोजायचं. सड्यावर हिरवेपणा अचानक वाढला तर तो लालच दाखवणार.

गटांच्या सीमा मात्र उपग्रहावरून काढणार नाही, तिथेच पुन्हा गाडी घसरते. सोनकीताई, माणदेशी, मदत लागेल. @राईनकाठी, पाऊस वजा करायची आज्ञावली असेल तर व्यक्तिगत निरोप करा.

माणदेशी
माळाच्या सीमा देतो. पण दोन म्हातारे मेंढपाळ बरोबर घेणार. कुठे आधी काय उगवत होतं ते त्यांच्याच डोक्यात आहे.

उसाचा_फड
क्षारपड रानांचे गट नंबर मी गोळा करतो. कुठल्या साली खार फुटली तेही लिहून देतो. त्याच्या आधीची दहा वर्षं तुमच्या चित्रात काय दिसतं ते मलाही बघायचंय.

तळकोकणी
सड्यांचे नमुने सातारा जिल्ह्यापुरतेच हवेत की खालचेही चालतील? बारसू, देवाचे गोठणे या बाजूला कातळशिल्पांच्या निमित्ताने फिरणं होतंच. येत्या मे महिन्यात तिकडच्या दोन-तीन सड्यांची कड चालत जाऊन जीपीएसवर नोंदवून देईन.

पिक्सेलपंत
खालचेही चालतील, पण वेगळ्या गटात ठेवा. कोकणातला सडा शे-दोनशे मीटरवर, कास बाराशेवर. उंचीनेच तापमानाचा थर सरकतो.

आणि कड नोंदवताना एक करा. सड्याच्या कडेला आमराई नाहीतर झाडोरा असतोच, त्याचा हिरवेपणा शेजारच्या चौकोनात मिसळतो. म्हणून कडेपासून निदान तीस मीटर आत या. तापमानासाठी तेवढं पुरत नाही, लँडसॅट-८ चा औष्णिक पट्टा मुळात शंभर मीटरचा आहे, फक्त तीसवर आणून देतात. त्यासाठी शंभर मीटर आतली वेगळी कड काढावी लागेल. तेवढी रुंदी नसलेले सडे यादीतून वगळा.